काका, एक ठाणा रिटर्न

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीच्या आत गेली. निवृत्त झाल्यापासून त्याच तिकीटघरात खिडकीच्या बाहेर उभा असतो. पडद्याला बोट लावून तिकीट काढायचं जे यंत्र असतं, एटीव्हीएम, त्याच्याजवळ गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. कागदोपत्री आम्हाला फॅसिलिटेटर म्हणतात, लोक काका म्हणतात. आपलं स्मार्ट कार्ड यंत्रावर ठेवायचं, समोरच्याकडून रोख घ्यायची, पडद्यावर तीन-चार ठिकाणी बोट लावायचं आणि तिकीट हातात द्यायचं. प्रवाशाला एक पैसा जादा पडत नाही. कार्ड रिचार्ज करताना जो बोनस मिळतो ती आमची कमाई. चहापाणी सुटतं, आणि दिवसभर घरात बसून बायकोच्या कामात नाक खुपसायचं वाचतं. ठाणे आणि कल्याणच्या मधलं एक स्टेशन आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

लिहायला बसलो त्याला निमित्त माझा मुलगा. ऐरोलीला आयटीत आहे. परवा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमचं हे काम फार तर अजून पाच वर्षं. मग सगळे मोबाइलवरच काढणार. राहता राहिले म्हातारे, ते काय..." पुढचं वाक्य त्याच्या आईने डोळे वटारले म्हणून त्याने आमटीबरोबर गिळलं. त्याचा ठाम समज आहे की मोबाइलवर तिकीट काढत नाहीत ते म्हातारे. बऱ्याच शहाण्या माणसांचा असतो. त्यांनी सकाळी साडेसहा ते नऊ माझ्या शेजारी उभं राहावं.

सर्वांत जास्त येतात ते नाक्यावर उभे राहणारे कामगार. वय वीस-बावीस. हातातला फोन माझ्या फोनपेक्षा भारी. रील बघतात, गावाकडे व्हिडिओ कॉल लावतात, गाणं हवं असेल तर फोनला तोंडाने सांगतात. सगळं बघून आणि बोलून. तिकिटाचं अ‍ॅप मात्र म्हणतं की नाव लिही, जन्मतारीख भर, पासवर्ड ठरव, आलेला ओटीपी वेळेत टाक, मग कुठून आणि कुठे ते निवड. तिथे गाडी अडते, कारण लिहिणं-वाचणं त्यांच्या फोनच्या वापरात कधी आलेलंच नसतं. आणि समजा ते जमलं, तरी मुकादमाने नुसतं 'दादरला उतर' म्हणून सांगितलेलं असतं. अ‍ॅपच्या यादीत दोन दादर, एक मध्य रेल्वेचं, एक पश्चिमचं. बिहारमधून आठवड्यापूर्वी आलेल्या पोराने त्यातलं कुठलं निवडावं?

खिडकीवर हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण तो आमचा प्रश्न होता. लोक व्हीटी मागायचे, बोरीबंदर मागायचे. व्हीटीचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात महाराज आले, २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. मागणारा जुन्या नावाने मागो की नव्या, हात आपोआप चालायचा. कुणी नुसतं "केईएमला जायचंय" म्हणालं तरी त्या हॉस्पिटलजवळच्या परळचं तिकीट निघायचं. प्रवाशाचं काम एवढंच, की कुठे जायचं ते सांगायचं आणि पैसे सरकवायचे. बाकी सगळी माहिती खिडकीच्या आत बसलेल्या माणसाच्या डोक्यात असायची आणि तिचा पगार त्याला मिळायचा. आता ते काम प्रवाशाच्या गळ्यात घातलंय. मार्ग त्याने ओळखायचा, स्पेलिंग त्याने जमवायचं, रेंज, बॅटरी, रिचार्ज, बँक सगळं त्याने सांभाळायचं. ज्यांना जमतं त्यांना ते काम वाटतच नाही. माझ्या मुलाला नाही वाटत.

मग बायका. भांडीधुणी करायला जाणाऱ्या, कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या, रुग्ण सांभाळायला रात्रपाळीला जाणाऱ्या. "मावशी, घरी फोन आहे ना?" म्हटलं तर "हाय की, पोरीकडं हाय. तिचा क्लास असतो सकाळी." किंवा, "मालक घेऊन जातात." फोन अख्ख्या घराचा असतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं होतं की स्वतः वापरतो असा मोबाइल आमच्याकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर वाढले असतील आकडे, वाढलेच असणार. पण मोबाइल असलेली बाई आणि सकाळी पावणेसात वाजता मोबाइल हातात असलेली बाई, यांची मोजणी निराळी करायला हवी.

एक मासेवाल्या ताई आहेत. त्यांच्या मुलीने हौसेने अ‍ॅप टाकून दिलं, पैसेही भरून दिले. टोपली खाली ठेवून ताई तिकीटघराच्या कोपऱ्यात उभ्या राहतात. बोट लावतात, काच दाद देत नाही, कारण बोटं कायम ओली. पदराला पुसतात, परत लावतात, आता वेगळंच काहीतरी उघडतं. तोवर वर इंडिकेटरवर गाडी शून्य मिनिटांवर. दोन-तीनदा हा खेळ झाला आणि मग फोन ब्लाउजमध्ये टाकून सरळ माझ्याकडे आल्या. "घ्या ओ काका, तुमचं बोट सुकं हाय."

आणि एक आजी. साध्या बटणांचा फोन, त्याला रबर बँड, रबर बँडखाली घडी घातलेल्या दहा-वीसच्या नोटा. फोन तिचं पाकीट आहे. कधी त्यावर कुणाशी बोलताना मी पाहिलेलं नाही.

हे सगळे गरीब किंवा कमी शिकलेले, असं वाटेल म्हणून आमच्या मास्तरीणबाईंबद्दल सांगतो. इंग्रजी विषय शिकवून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक फोन आला, गोड बोलून कुणीतरी चांगलीच रक्कम उडवली. त्या दिवसापासून फोनमधलं पैशाचं प्रत्येक अ‍ॅप काढून टाकलंय. "माझी पेन्शन ज्या खात्यात येते त्या खात्याला हा फोन जोडायचा नाही म्हणजे नाही," असं त्या मला दर वेळी सांगतात, मी विचारलेलं नसताना. आणि मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. अशा बाईंना डिजिटल साक्षर करायला कुणी गेलं तर त्या त्याचंच व्याकरण तपासून परत पाठवतील. त्यांनी विचार करून नाही म्हटलंय. रोख पैसे देऊन लोकलने फिरायचा त्यांचा हक्क त्यामुळे जातो का?

यूपीआयचं आणखी एक त्रांगडं आहे, ते बँकेच्या रांगेत जास्त कळतं. पिन ठरवायला डेबिट कार्ड लागतं किंवा आधारचा ओटीपी. कार्ड कपाटात कुठेतरी, मुदत संपलेलं. आधारला जोडलेला नंबर चार वर्षांपूर्वीचा. मध्ये रिचार्ज झालं नाही, नंबर बंद पडला, आता तो दुसऱ्या कुणाला तरी गेला. माणूस बापडा बँक, आधार केंद्र आणि मोबाइलचं दुकान अशा तीन ठिकाणी अर्धा-अर्धा रोज बुडवणार. कशासाठी, तर लोकलचं दहा किलोमीटरपर्यंतचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपये आहे, ते काढण्यासाठी. तेवढ्याच अंतराचा महिन्याचा पास शंभर रुपये. फोनचा महिन्याचा रिचार्ज त्याच्या वर जातो.

आता कुणी म्हणेल, काकांना जुनं ते सोनं वाटतंय. अजिबात नाही. पुठ्ठ्याची तिकिटं मी विकलेली आहेत. तारखेचा ठसा मारायचं ते यंत्र दिवसभर खटाखट आपटून मनगट भरून यायचं. सोमवारी सकाळी रांग तिकीटघराच्या बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत. दोन स्टेशनं जायला माणूस अर्धा तास उभा, आणि आपला नंबर आला की आधी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार. २०१४ च्या डिसेंबरात मोबाइलवर तिकीट काढायचं यूटीएस अ‍ॅप आलं तेव्हा खिडकीच्या आतल्या आम्हा लोकांना लपूनछपून बरंच वाटलं होतं. सुरुवातीला त्याची गंमतच होती. रुळांच्या फार जवळ उभं राहून तिकीट निघायचं नाही, कारण टीसी दिसल्यावर लोक तिकीट काढतील. म्हणून ज्याला घाई तोच फोन हातात उंच धरून स्टेशनपासून उलटा रस्त्याकडे पळतोय, असं दृश्य रोज दिसायचं. पुढे स्टेशनात क्यूआर लागले, २०२४ मध्ये लांबून तिकीट काढायची अंतराची अटही गेली. घरी बसून तिकीट काढा. आता रेलवन हे रेल्वेचं नवं अ‍ॅप आलंय. आज जे मोबाइलवर काढतात ते सगळे परत खिडकीवर आले तर स्टेशन बंद पडेल, एवढं मला कळतं.

पण पुठ्ठ्याचं तिकीट आणि अ‍ॅप या दोघांच्या मध्ये एक गोष्ट होती, तिची आठवण कुणी काढत नाही. कूपन. तिकिटांच्या कूपनची पुस्तिका एकदाच विकत घ्यायची, प्रवासाला निघताना हव्या तेवढ्या किमतीची कूपनं यंत्राच्या फटीत घालायची, स्टेशन आणि वेळ छापून यायची. ना फोन, ना बँक, ना पासवर्ड. त्यात चोऱ्या व्हायच्या, छापलेलं पुसून लोक परत वापरायचे, यंत्रं बंद पडायची, सगळं खरं. २०१५ च्या सुमारास ती गेली. मला तरी त्या पुस्तिकेत एक गोष्ट दिसायची की रांग टाळायची सोय तिने निरक्षर माणसालाही दिली होती. त्यानंतर रांग टाळायच्या सोयी बहुतेक फोनमधूनच आल्या.

करोनाचा काळ मी खिडकीच्या आतून पाहिला. सर्वसामान्यांसाठी लोकल बराच काळ बंद होती, नंतर २०२१ मध्ये १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मुभा मिळाली. तीही सुरुवातीला फक्त महिन्याच्या पासवर. सुटं तिकीट मिळायला दिवाळी जवळ आली. म्हणजे एका दिवसासाठी आजारी भावाला बघायला जाणाऱ्यानेसुद्धा पास काढायचा. आणि त्यासाठी लसीचं प्रमाणपत्र दाखवायचं. लसीच्या नोंदणीच्या कोविन पोर्टलवर तेव्हा एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंद करता यायची, त्यामुळे घरकाम करणाऱ्या कितीतरी बायकांची नोंद मालकिणीच्या नंबरवर झालेली होती. मालकिणीच्या दृष्टीने मदतच. पण प्रमाणपत्र तिच्या फोनमध्ये, आणि बाई माझ्या खिडकीसमोर. "ताई फोन उचलत नाही ओ, पूजेला बसली असंल." स्टेशनाबाहेर महापालिकेची माणसं टेबल टाकून बसली होती, प्रमाणपत्राचा कागद आणि ओळखपत्र बघून शिक्का मारून द्यायची. तो शिक्का असलेला कागद आला की आम्ही पास द्यायचो. त्या टेबलांचं मला फार कौतुक वाटलं होतं आणि अजून वाटतं. ऑनलाइन क्यूआरची सोय होती तरी कुणाला तरी सुचलं की टेबल, खुर्ची, शाई आणि माणूसही लागेल. पुढे शेजारच्या झेरॉक्सवाल्याने प्रमाणपत्राची प्लास्टिकची कार्डं करून देण्याचा धंदा काढला आणि बहुधा माझ्या वर्षाच्या पगाराएवढं कमावलं. असो.

डोळ्यांनी अधू असलेल्या प्रवाशांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. खिडकीची कड लाकडी होती, खालचा पाट झिजलेला, मध्ये पैसे सरकवायला खळगा. आमच्याकडे नियमित येणारे एक गृहस्थ होते, एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. हात भिंतीवरून सरकवत नेमके त्या खळग्यापाशी यायचे आणि माझ्या खोकल्यावरून मला ओळखायचे. यंत्राची काच मात्र सगळीकडून सारखी गुळगुळीत. 'ठाणे' कुठे आणि 'रद्द करा' कुठे, बोटाला काय कळणार? त्यांनीच मला सांगितलं की २०१६ नंतरच्या नोटांनी त्यांची पंचाईत केली. आधी लांबी-रुंदीवरून नोट ओळखायची, नव्या नोटांत तो फरक फार थोडा राहिला. त्यावर रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये एक अ‍ॅप काढलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं. "म्हणजे साहेब," ते मला म्हणाले, "वीस रुपयांची नोट ओळखायला मला हजारोंचा फोन घ्यावा लागला." घेतला त्यांनी. आता फोन बोलून दाखवतो तशी बरीच कामं ते स्वतः करतात, माझ्यापेक्षा भराभर. त्यांचं भांडण फोनशी नव्हतंच. गर्दीत एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फोन, मग लोकलचा दांडा कशाने धरायचा, एवढंच ते विचारायचे.

तिकिटाचं तरी बरं, त्यात कुणी ना कुणी मदत करतं. माहितीचं काय? माझी बहीण भांडुपला राहते, तिच्या स्टॉपवर मी पाहतो. मुंबईच्या बसवाल्या बेस्टने २०२१ च्या डिसेंबरात चलो अ‍ॅप आणलं, बस कुठवर आली ते त्यात दिसतं. छान सोय आहे. पण स्टॉपवर आता दोन प्रकारची माणसं उभी असतात. एक फोन बघून ठरवतो, अजून वीस मिनिटं आहेत, चला, शेअर रिक्षा. दुसरा मान लांब करून रस्त्याच्या वळणाकडे बघत राहतो. त्याला बसची वाट बघण्याचे पैसे पडत नाहीत म्हणून ते नुकसान कुठल्या हिशेबात येत नाही. कामावर लेट लागला की त्याच्या हिशेबात येतं. लोकलमध्ये हे इतकं बोचत नाही, कारण भोंग्यावरून तीन भाषांत घोषणा होते आणि इंडिकेटर सगळ्यांच्या डोक्यावर असतो. पाच नंबरची गाडी सहावर येणार हे फुकट्यालासुद्धा ऐकू येतं. रविवारी दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात, त्या मेगाब्लॉकचं तसं नाही. आदल्या दिवशी मोबाइलवर किंवा पेपरात वाचलं तर वाचलं. बाकीचे रविवारी दुपारी पोराबाळांना घेऊन, हातात मिठाईचा पुडा घेऊन प्लॅटफॉर्मवर येतात आणि मला विचारतात, "काका, स्लो का नाही येत?" मी शनिवारी संध्याकाळी यंत्रावर वहीच्या कागदावर मार्कर पेनने लिहून चिकटवायला लागलोय. कुठून कुठे, किती ते किती. स्टेशनातल्या साहेबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. म्हणजे चालतं.

मुलाशी वाद झाला त्यात मी एक मुद्दा काढला, त्यावर तो गप्प बसला, म्हणून इथेही लिहितो. अ‍ॅपच्या वॉलेटमधून तिकीट काढलं की तीन टक्के फायदा मिळतो. रोख देणाऱ्याला काही नाही. म्हणजे फोन, रिचार्ज, खातं, शिलकीला चार पैसे असलेल्या माणसाला प्रवास थोडा स्वस्त, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला पुऱ्या भावात. रक्कम क्षुल्लक आहे. पण खिडकीवर असताना आम्हाला शिकवलं होतं की भाडं अंतराप्रमाणे असतं, माणूस बघून नसतं.

"मग काय करायचं?" चिरंजीव. मी म्हटलं, फार काही नाही. जिथे जिथे अ‍ॅप आणाल तिथे एक खिडकी रोख पैशांसाठी उघडी ठेवा, आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत ठेवा. मोबाइलवर तिकिटं वाढली म्हणून खिडक्या कमी होतात, खिडक्या कमी झाल्या म्हणून उरलेल्यांची रांग वाढते, मग रांग दाखवून त्यांनाच सांगितलं जातं की बघा, अ‍ॅप घेतलं असतंत तर. हा हिशेब मला कधी पटला नाही. तो म्हणाला, "एका खिडकीचा खर्च किती होतो माहितीये?" माहितीये. तीन पाळ्यांचे पगार मी स्वतः घेतलेत, त्यातला एक तुझ्या फीमध्ये गेला. यावर आमटी दुसऱ्यांदा वाढली गेली आणि विषय क्रिकेटवर गेला.

एक मात्र सांगतो. दर बुधवारी नातवाला केईएमला दाखवायला नेणारे एक आजोबा आहेत. त्यांनी एकदा विचारलं, "तुमची ड्यूटी कधीपासून असते?" मी म्हटलं, साडेसहा. तेव्हापासून ते साडेसहाच्या आधी तिकीटघरात येत नाहीत. आधी आले तर बाहेर कट्ट्यावर बसतात. खिडकीवर जायला सांगितलं तर म्हणतात, तिथे उभं राहून गुडघे धरतात. ओपीडीचा नंबर मागे पडतो, त्याला त्यांची तयारी आहे.

पुढच्या आठवड्यात पुतणीचं लग्न आहे साताऱ्याला, त्यामुळे मी चार दिवस नाही. ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगून ठेवलंय. आजोबांना बुधवारचं रिटर्न काढून द्यायला पूर्वेकडच्या यंत्रावरच्या जोशीकाकांना बोललोय; ते सातला येतात.